कॉम्प्रेसर बदलण्याआधी हे वाचा

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ४० अंशांवर गेला की आमच्याकडे एकच तक्रार येते: "फ्रिज गार करत नाही, कॉम्प्रेसर गेला वाटतं." जाऊन बघावं तर बऱ्याचदा कॉम्प्रेसर (फ्रिजमधला गॅस दाबून फिरवणारा पंप) ठणठणीत असतो.

फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती मागच्या काळ्या जाळीतून बाहेर पडते, नाहीतर नव्या फ्रिजमध्ये बाजूच्या पत्र्याआडच्या नळ्यांतून. (म्हणूनच तो पत्रा तापतो, घाबरू नका.) सिडकोतल्या छोट्या स्वयंपाकघरांत फ्रिज शेगडीजवळ, भिंतीला खेटून उभा असतो. मग उष्णता जाणार कुठे? कॉम्प्रेसर थांबतच नाही, तापतो आणि शेवटी ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा छोटा भाग) त्याला बंद पाडतो. मागे आणि बाजूंना चार बोटं जागा सोडा. जाळीवरची धूळ प्लग काढून मऊ ब्रशने झाडा. दारात कागद धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला तर रबर सैल झालंय.

नवा फ्रिज घेताना लेबलवरचा हवामानाचा वर्ग जरूर बघा. 'एन' ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. आपल्याकडे 'टी'च हवा.

लाइट गेली आणि लगेच आली, तर फ्रिज पाच मिनिटं बंद ठेवा. नळ्यांतला दाब उतरायच्या आत सुरू झाला की साधा कॉम्प्रेसर अडतो, गुरगुरतो आणि 'टक्' करून बंद पडतो. व्होल्टेज कमी असलं तरी हेच होतं. थोड्या थोड्या वेळाने 'टक्' येतच राहिलं, तर आधी रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) आणि ओव्हरलोड तपासून घ्या. कॉम्प्रेसरच्या मानाने हे भाग फार स्वस्त. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये मात्र रिले नसतो, तिथे कॉम्प्रेसर चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड तपासावा लागतो.

"दरवर्षी गॅस भरावा लागतो" हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवायची, फिल्टर बदलायचा, व्हॅक्यूम करायचं (नळ्यांतली हवा ओढून काढायची) आणि मगच गॅस वजन करून भरायचा. लेबलवर 'आर ६००ए' असेल तर तो गॅस ज्वलनशील असतो. काम चालू असताना खिडक्या उघड्या आणि शेगडी बंद ठेवा.

कॉम्प्रेसर खरंच जळालाय असं आम्ही म्हटलं, तर मीटर लावून तुम्हाला आधी दाखवू. कॉम्प्रेसरची वायर जोडायची पिन आणि त्याचा बाहेरचा पत्रा यांच्यात मीटर वाजला, म्हणजे वाइंडिंग (आतल्या मोटरची तारेची गुंडाळी) गेलं.