हिंजवडीच्या आधीचं पुणे

शिवाजीनगर जवळ आलं की बसमधला कंडक्टर 'सिमला ऑफिस, सिमला ऑफिस' अशी हाळी देतो आणि निम्मी बस रिकामी होते. हिमालयातल्या गावाचं नाव पुण्यातल्या चौकाला कसं लागलं, याचा विचार उतरणाऱ्यांच्या मनात क्वचितच येत असेल. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याला होतं. १९२८ साली ते पुण्यात आलं, घड्याळाच्या मनोऱ्याची ती इमारत उभी राहिली आणि लोकांनी तिला सरळ 'सिमला ऑफिस' म्हणायला सुरुवात केली. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं. नाव राहिलं, आणि हवामानाचं बरंचसं कामही इथेच राहिलं.

पुण्याच्या तंत्रज्ञानाची गोष्ट सांगताना हल्ली सुरुवातच हिंजवडीच्या आयटी पार्कपासून होते. काचेच्या इमारती, कंपन्यांच्या बसगाड्या, वाकडच्या पुलावरची कोंडी. मला ही सुरुवात फार उशिराची वाटते. हिंजवडीत पहिला संगणक सुरू झाला, त्याच्या किती तरी आधीपासून हे शहर मोजत, तपासत आणि घडवत होतं. पाऊस, पाणी, रोग, दारूगोळा अशा अगदी रोकड्या गरजांपोटी इथे प्रयोगशाळा आल्या.

त्यात सगळ्यात जुनी पाण्याची. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली पाटबंधाऱ्यांसाठी एक छोटा विभाग काढला, तोच पुढे खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झाला. धरणाच्या पायथ्याशी जागा मिळाल्याने प्रयोगांना पाण्याची ददात नव्हती. मोठाल्या शेडमध्ये नद्या आणि बंदरं लहान आकारात बांधायची, त्यांतून पाणी सोडायचं आणि गाळ कुठे साचतो, काठ कुठे खचतो ते बघायचं, ही तिथली रीत.

हवामान खात्याकडे परत येतो, कारण तिथली एक गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. त्रावणकोरच्या अण्णा मणी लंडनहून शिकून आल्या आणि १९४८ साली पुण्यात उपकरण विभागात रुजू झाल्या. देश नुकता स्वतंत्र झालेला आणि हवामानाची साधीसुधी उपकरणंही बहुतेक परदेशातून येणारी. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती इथे बनू लागली. हे काम वाचायला किरकोळ वाटतं. पण दोन गावांतली पर्जन्यमापकं सारखी नसतील, तर त्यांच्या पावसाची तुलना कशाच्या जोरावर करायची? मापच चुकलं, तर पुढचा सगळा हिशेब वाया. मोसमी पावसाचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था पुण्यात १९६२ मध्ये निघाली, ती या पायावर.

पाषाणच्या माळावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. पुणेकरांच्या तोंडी ती 'एनसीएल'. रंग, रबर, प्लास्टिक, कीटकनाशकं अशी उद्योगाला लागणारी रसायनं इथे बनवून पाहिली गेली. पण एनसीएलचं नाव काढलं की मला आठवतो तो बांबू. बांबूच्या कित्येक जाती काही दशकांतून एकदा फुलतात आणि फुलून मरतात. त्यामुळे बी मिळवायचं तर माणसाला अर्धं आयुष्य थांबावं लागतं. इथल्या वनस्पती-ऊतीसंवर्धन गटाने काचेच्या भांड्यात वाढवलेल्या कोवळ्या रोपांना काही महिन्यांतच फुलं आणली आणि बीही धरवलं. १९९० साली हा निबंध 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. याच प्रयोगशाळेचे संचालक रघुनाथ माशेलकर, मूळ गोव्यातल्या माशेलचे, १९९५ साली देशभरच्या सरकारी प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. जखमेवर हळद लावण्यावर अमेरिकेत दिलं गेलेलं पेटंट त्यांच्या कारकिर्दीत, १९९७ मध्ये, रद्द करून घेतलं गेलं. आजीच्या मिसळणाच्या डब्यातली हळद वाचवायला जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुरावा म्हणून मांडावे लागले होते.

१९५२ साली विषाणू संशोधन केंद्र आलं, आजची एनआयव्ही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसंही तापाने फणफणली. त्या रोगाचा विषाणू पुण्याच्या शास्त्रज्ञांनी शोधला. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला लोक ज्याला 'माकडताप' म्हणतात तो हाच. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना, ज्याच्या वसाहतीला आजही सगळे 'एचए कॉलनी' म्हणतात, तोही याच दशकातला. पेनिसिलीन देशात बनवणारा हा पहिला सरकारी कारखाना.

ऐंशीच्या दशकात मात्र वारं बदललं. हवामान अंदाजासाठी अमेरिकेने दिल्लीला क्रे कंपनीचा एक महासंगणक दिला, तोही कडक अटींवर. बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी हवा असलेला मिळाला नाही. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र, स्थापन झालं आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर त्याचे प्रमुख झाले. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवणं आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली: बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर एकमेकांना जोडायचे, मोठं गणित तुकड्यातुकड्याने वाटून द्यायचं आणि उत्तरं गोळा करायची. लग्नघरी शंभर बायका एकदम पोळ्या लाटतात, तसं. यातली खरी मेहनत लाटण्यात नसते, वाटून देण्यात असते. कोणाला किती गोळे द्यायचे, कोण कोणासाठी खोळंबतं, हे ठरवणारं सॉफ्टवेअर सी-डॅकच्या पोरांनी लिहिलं. 'परम ८०००' हा महासंगणक १९९१ मध्ये तयार झाला.

सी-डॅकचं दुसरं काम परमच्या झगमगाटात झाकलं जातं, आणि मराठी माणसाला ते विसरून चालणार नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान इथे वाढलं. संगणकाच्या पोटात जिस्टचं कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठीचा 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर बंगालीचा आणि तमिळचाही 'क', कारण आपल्या लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाची. सरकारी कचेऱ्यांतली मराठी टंकयंत्रावरून संगणकावर आली, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

त्याच १९८८ साली, गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात, जयंत नारळीकरांनी आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची स्थापना केली. शेजारीच रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र होतं आणि तिथे गोविंद स्वरूप एका अचाट गोष्टीच्या मागे लागले होते. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. एवढ्या मोठ्या भरीव तबकड्या परवडणाऱ्या नव्हत्या आणि वाऱ्यापुढे त्यांचा टिकावही लागला नसता. स्वरूपांनी दोरांच्या ताणावर स्टीलच्या बारीक तारेची जाळी बसवली. लांबून ती पांढरीशुभ्र परात वाटते, पण खाली उभं राहून वर पाहिलं की जाळीतून आरपार आभाळ दिसतं. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची भोकं जाणवतच नाहीत. वारा आरपार जातो, लहर परत फिरते.

मग हिंजवडी. देशातली पहिली तीन सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क १९९० मध्ये मंजूर झाली, त्यांतलं एक पुण्याचं. हिंजवडीच्या जागेवर आधी साखर कारखाना होणार होता, तो दुसरीकडे न्यायला लावून तिथे आयटी पार्क आणलं, ही आठवण शरद पवार भाषणांत सांगतात. इथलं काम निराळ्या जातीचं. परदेशी गिऱ्हाइकाची गरज, परदेशी वेळापत्रक आणि इथलं मनुष्यबळ. ते कमी प्रतीचं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही, हजारो घरांचं नशीब त्याने पालटलं. पण या कंपन्यांना कामासाठी पुणंच का सापडलं, याचं उत्तर १८५४ पासून चालत आलेल्या अभियांत्रिकी शिक्षणात, किर्लोस्कर-टेल्कोच्या कारखान्यांत आणि पाषाण रस्त्याकाठच्या प्रयोगशाळांत आहे.

आता हे वाढतं शहर खोडदच्या दारात पोहोचलंय. दुर्बीण ऐकते ते आवाज इतके क्षीण, की जवळचा मोबाइल मनोरा किंवा विजेच्या तारेवरची ठिणगी त्यांना सहज बुजवते. म्हणूनच तर डोंगरांच्या आडोशाला, वस्तीपासून लांब ती जागा निवडली होती. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावकडून आखलेला मार्ग दुर्बिणीला बाधा नको म्हणून बाजूला ठेवला गेला आणि जुन्नर-आंबेगावात नाराजी उसळली. ती नाराजी मला समजते. टोमॅटो-द्राक्षांचा हा पट्टा कित्येक वर्षं रेल्वेची वाट पाहतोय. पण दुर्बिणीलाही दुसरीकडे उचलून नेता येणार नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिचं फाटक सर्वांसाठी उघडतं. आसपासच्या शाळांतली पोरं पुठ्ठ्याचे आणि तारांचे प्रयोग मांडून त्या जाळीच्या सावलीत उभी असतात.