शून्याखाली जाऊनही पातळच

मे महिन्यातली दुपार, घरी पाहुणे येणार होते. म्हणून पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या फ्रीजरमध्ये टाकल्या आणि नेहमीप्रमाणे विसरलो. अडीच तासांनी दार उघडलं तर एक बाटली दगड झालेली आणि दुसरीतलं पाणी जसंच्या तसं. ही दुसरी ओट्यावर जरा जोरात आपटली मात्र, तळातून एक पांढरी झाक वर चढत गेली. चार-पाच सेकंदांत बाटलीभर भुसभुशीत बर्फ, गोळ्यासाठी किसावा तसा! भाचीने "परत कर ना" म्हणून पिच्छा पुरवला. परत काही जमलं नाही.

पुणेकराला बर्फ भेटतो तो फ्रीजमध्ये, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर. शिवाजीनगरच्या वेधशाळेला लोक 'शिमला ऑफिस' म्हणतात खरे, पण तिथल्या नोंदींतला नीचांकसुद्धा 1.7 अंश सेल्सिअस आहे, आणि तोही 17 जानेवारी 1935चा.

पाणी शून्य अंशाला गोठतं, असं आपण शाळेत घोकलं. बर्फ शून्याला वितळतो, हे पक्कं. पाण्याला गोठायला मात्र नुसतं शून्य पुरत नाही. त्याला सुरुवात लागते.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण भार असतो आणि हायड्रोजनच्या बाजूला धन. त्यामुळे रेणू एकमेकांचे हात धरतात. पातळ पाण्यात हे हात सारखे सुटतात आणि लगेच दुसऱ्याला धरतात, एका सेकंदात अब्जावधी वेळा. थंडी वाढली की ही धावपळ मंदावते. मग प्रत्येक रेणू चौघांना घट्ट धरून बसतो आणि षटकोनी जाळी विणली जाते. ही जाळी आतून पोकळ असते, म्हणून बर्फाला पाण्यापेक्षा सुमारे 9 टक्के जास्त जागा लागते. (काचेची बाटली फ्रीजरमध्ये ठेवू नये. मी ठेवली आहे.)

पण पहिली वीण कोण घालणार? योगायोगाने पाच-पन्नास रेणू नीट जुळले, तरी एवढ्याशा कणात बहुतेक रेणू कडेलाच असतात, आणि बाहेरची धावपळ कड उसवून टाकते. ठरावीक आकारापलीकडे गेलेला कणच टिकतो आणि वाढतो. तिथवर पोचायला आयता आधार हवा: धुळीचा कण, भांड्यावरचा ओरखडा, काहीही. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात, तसंच. हा दोरा नसेल तर पाण्याचे अगदी बारीक, स्वच्छ थेंब उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत पातळ राहू शकतात. माझ्या बाटलीत गाळलेलं पाणी होतं. त्याला सुरुवात मिळाली ती ओट्यावरच्या धक्क्याने.

मग बर्फ भुसभुशीत का झाला? गोठताना पाणी उष्णता बाहेर टाकतं, ग्रॅममागे 80 कॅलरी. उलट एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एकच कॅलरी पुरते. बाटलीतलं पाणी उणे 5 अंशांवर होतं असं धरू. त्यातला सोळावा हिस्सा, म्हणजे रुपयातला एक आणा, गोठला की त्यातून सुटलेल्या उष्णतेने सगळी बाटली पुन्हा शून्यावर येते. मामला तिथेच थांबतो. पंधरा आणे पाणी पाणीच राहतं आणि जाळीत अडकून बसतं.

माझ्या ओट्यावर चुकून झालं, ते पुण्याच्या डोक्यावर नेहमीच चाललेलं असतं. पावसाळ्यात साधारण पाच-साडेपाच किलोमीटर वर गेलं की तापमान शून्याखाली जातं, तरी तिथल्या ढगांत पातळ थेंब भरपूर असतात. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2009पासून विमानं पाठवून ढगांच्या पोटातल्या अशा गोष्टी मोजल्या आहेत. त्या थेंबांना 'दोरा' पुरवायचा झाला तर सिल्व्हर आयोडाइड वापरतात, कारण त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फाशी जुळते.

एप्रिल-मेमध्ये वळवाच्या ढगात जोरदार वारा वर झेपावतो. त्यात बर्फाचा एखादा खडा तरंगत राहिला की हे थंडगार थेंब त्याच्यावर येऊन आदळतात आणि चिकटतात. तीच गार. कोथरूडच्या गच्चीवर वेचलेली एक गार मी सुरीने कापून पाहिली होती. आत कांद्यासारखे पापुद्रे होते, एक दुधी, एक काचेसारखा. थेंब पडताक्षणी गोठले तिथे हवा अडकली आणि पापुद्रा दुधी झाला. जिथे थेंब इतके आले की त्यांची उष्णता बाहेर पडायला वेळ लागला, तिथे पाणी सावकाश गोठलं, हवेला निसटायला सवड मिळाली आणि पापुद्रा आरपार दिसत होता.