‘आलो असतो’ जर्मनमध्ये कसं म्हणायचं?
(जर्मनची बी-१ पातळी संपवून बी-२च्या बॅचला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

जे घडलं नाही, पण घडू शकलं असतं, त्याबद्दल बोलायला जर्मनमध्ये ‘कोन्युंक्टिफ त्स्वाय’चं भूतकाळी रूप वापरतात. आमचा एकच आग्रह आहे: हा धडा शिकताना इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतून थेट जर्मनमध्ये या.

कारण साधं आहे. इंग्रजीत ‘जर’च्या भागात एक रचना असते आणि ‘तर’च्या भागात दुसरी. मराठीत दोन्हीकडे ‘असतं’च येतं आणि जर्मनमध्येही दोन्हीकडे एकाच जातीचं रूप लागतं. हे वाक्य पाहा, जर्मनीत रेल्वेने फिरणाऱ्यांना ते वरचेवर लागतं:

वेन देअर त्सूग प्युंक्टलिश गेवेझेन वेरे, हेटे इश देन आनश्लुस निश्ट फेरपास्ट.
गाडी वेळेवर आली असती, तर माझी पुढची गाडी चुकली नसती.

‘वेरे’ आणि ‘हेटे’ म्हणजे आपलं ‘असतं’. इंग्रजीच्या सवयीने बरेच जण इथे ‘व्युर्दे’ (इंग्रजी ‘वुड’च्या जागचं रूप) घुसवतात. ‘इश व्युर्दे गेकोमेन झाइन’ व्याकरणात बसतं, पण असं सहसा कोणी बोलत नाही. ‘इश वेरे गेकोमेन’ म्हणा. आणि उमलाउटचे दोन ठिपके विसरू नका: ‘हाटे’ म्हणजे खरोखर होतं, ‘हेटे’ म्हणजे असतं. ठिपके गेले की न घडलेली गोष्ट घडलेली होते.

आता ‘हेटे’ कुठे आणि ‘वेरे’ कुठे? पर्फेक्टमध्ये, म्हणजे बोलण्यातल्या नेहमीच्या भूतकाळात, ज्या क्रियापदाला ‘हाबेन’ (जवळ असणे) हे साहाय्यक लागतं त्याला ‘हेटे’, ज्याला ‘झाइन’ (असणे) लागतं त्याला ‘वेरे’. इथे मराठीची अर्धीच मदत होते. मराठीत ‘त्याने’ आलं (त्याने वाचलं, त्याने विकलं) की जर्मनमध्ये बहुतेक ‘हेटे’ येतं. उलट बाजूने मात्र हे चालत नाही. ‘तो गेला’, ‘तो राहिला’ यांना ‘वेरे’ लागतं, पण ‘तो झोपला’, ‘तो हसला’, ‘तो रडला’ यांना ‘हेटे’च. ‘बसला होता’ तर प्रदेशानुसार बदलतं: उत्तर जर्मनीत ‘हाबेन’, दक्षिणेत आणि ऑस्ट्रियात ‘झाइन’. परीक्षेत ‘हाबेन’ लिहा, म्हणजे झालं.

‘जर’ आपण बोलताना गाळतोच. जर्मनही ‘वेन’ गाळतात, फक्त मग क्रियापद वाक्याच्या तोंडाशी येतं: हेटे इश दास गेवुस्ट, वेरे इश गेकोमेन. माहीत असतं तर आलो असतो.

‘पडलोच असतो’ हे तर जसंच्या तसं जमतं: इश वेरे बाइनाहे गेफालेन.

खरी अडचण ‘करायला हवं होतं’ची. इथे मराठीत ‘असतं’ नसतं, जर्मनमध्ये मात्र ‘हेटे’ लागतंच, आणि शेवटी दोन मूळ क्रियापदं एकापाठोपाठ येतात:

झी हेटेन मिश आनरूफेन झोलेन.
तुम्ही मला फोन करायला हवा होता.

‘झोलेन’ (करायला हवं) याचं भूतकाळी रूप ‘गेझोल्ट’ इथे लिहू नका. हेच ‘वाइल’ने (कारण) सुरू होणाऱ्या उपवाक्यात गेलं, तर ‘हेटेन’ सर्वांत शेवटी न जाता त्या दोघांच्या आधी उभं राहतं: वाइल झी मिश हेटेन आनरूफेन झोलेन. ही एक गोष्ट पाठच करावी लागते, युक्ती नाही. नर्सिंगसाठी किंवा आउसबिल्डुंगसाठी (व्यावसायिक प्रशिक्षणासाठी) जाणाऱ्यांनी तर नक्की करा. वॉर्डात किंवा वर्कशॉपमध्ये वरिष्ठांनी ‘झी हेटेन… झोलेन’ म्हटलं की ती तक्रार असते, सूर कितीही शांत असो.

याउलट, कुणाकडे भेट घेऊन गेलात आणि यजमान ‘दास वेरे दोख निश्ट नोटिश गेवेझेन!’ म्हणाले, तर भेट परत पिशवीत घालू नका. ते आपलं ‘अहो, कशाला आणलंत!’ आहे.

बेकरीतलं ‘इश हेटे गेर्न त्स्वाय ब्रोटशेन’ याचा भूतकाळाशी संबंध नाही. ते ‘मला दोन पाव हवेत’चं सभ्य रूप.

आणि फार जर-तर केलंत, तर जर्मन माणूस ‘हेटे, हेटे, फारराडकेटे’ म्हणून थांबवील. शब्दशः ‘सायकलची साखळी’, निव्वळ यमकासाठी जोडलेली. चान्सलरपदाचे उमेदवार पेअर श्टाइनब्रुक यांनी 2013च्या प्रचारात हे म्हटलं आणि त्याची बरीच चर्चा झाली.

इथे उच्चार सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. स्पेलिंग सरावपुस्तिकेत पाहा. पहिल्या तासाला येताना स्वतःच्या आयुष्यातली पाच ‘असतं तर’ वाक्यं लिहून आणा, त्यांतलं निदान एक ‘झोलेन’चं हवं.