−३² म्हणजे उणे नऊच का?

(−३)² चे उत्तर ९ आणि −३² चे −९. शाळेत पाठ केलेले ‘कंचेभागुबेव’ इथे मदतीला येत नाही, कारण त्यात घातांकाला अक्षरच नाही. मग हा भेद आला कुठून?

धन आणि ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच सांगितले होते: ऋणाला ऋणाने गुणले की धन. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त लिहिले की संख्या धन असो वा ऋण, तिचा वर्ग धनच, आणि ऋणाला वर्गमूळ नाही, कारण ते कशाचा वर्गच नसते.

मला त्यांची लिहिण्याची रीत फार मोलाची वाटते. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचे. अव्यक्त (किंमत माहीत नसलेली) राशी ‘यावत्तावत्’, म्हणून ‘या’, तिचा वर्ग ‘याव’, गुणक त्यापुढे. आपण आज −क्ष² लिहितो तिथे ‘याव’ आणि पुढे टिंब दिलेला १. वर्ग राशीला चिकटलेला, ऋणत्व गुणकाच्या माथ्यावर. दोघांची गल्लत व्हायला जागाच नाही.

युरोपातली उणे चिन्हाची आडवी रेघ वेगळ्या वाटेने आली. १४८९ मध्ये लाइपझिगला छापलेल्या जर्मन गणिती योहानेस विडमानच्या व्यापारी अंकगणितात ती दिसते. घातांक वर उजवीकडे बारीक अंकात लिहिण्याची पद्धत फ्रेंच गणिती देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथामुळे रुळली. मात्र वजाबाकी आणि ऋणत्व ही दोन्ही कामे त्या एकाच रेघेकडे आली. ५ − क्ष² मध्ये आधी वर्ग, मग वजाबाकी, हे कुणीही मान्य करेल. ५ च्या जागी ० घेतला तरी अर्थ तोच राहायला हवा, म्हणून −क्ष² म्हणजे वर्गाचे ऋण. उलटे ठरवले असते तर प्रत्येक बहुपदीत कंसांची दाटी झाली असती. हा नियम कुणी एकाने घालून दिलेला नाही. लिहिता लिहिता तो पक्का झाला.

संगणकाच्या भाषांपैकी फोरट्रान आणि पायथन हाच नियम पाळतात. एक्सेल पाळत नाही: तिथे =−३^२ चे उत्तर ९ येते, पण =०−३^२ चे −९. सांख्यिकीतल्या घंटाकृती वक्राच्या सूत्रात ई (सुमारे २.७१८) या स्थिर संख्येच्या घातांकात −क्ष² येतो. ते एक्सेलमध्ये कंसाविना लिहिले, तर दोन्ही बाजूंना उतरायचा वक्र वर चढत जातो. तिथे −(क्ष^२) असाच कंस घालावा लागतो.