दरवर्षी मागावी लागणारी घरे : अमेरिकेतील सार्वजनिक गृहनिर्माणाची पार्श्वभूमी

अमेरिकी काँग्रेससमोर नव्या वर्षाच्या अर्थसंकल्पाचे आकडे येऊ लागले की सरकारी घरांतले भाडेकरू, स्थानिक गृहनिर्माण मंडळे आणि बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्था आपापल्या मतदारसंघातील प्रतिनिधींकडे एकच मागणी घेऊन जातात : सार्वजनिक घरांच्या देखभालीला आणि भाडे-साहाय्याला पुरेशी तरतूद करा. ही मागणी वर्षानुवर्षे तशीच का करावी लागते, याचे उत्तर घरांच्या टंचाईपेक्षा कायद्याच्या रचनेत अधिक सापडते. तिथे वार्धक्यातले निवृत्तिवेतन किंवा गरिबांची वैद्यकीय मदत हा पात्र व्यक्तीचा हक्क मानला जातो. अट पूर्ण झाली की पैसे द्यावेच लागतात. भाड्याच्या घरासाठीची मदत मात्र हक्क नाही, ती केवळ तरतूद आहे. तरतूद संपली की मदत संपते. त्यामुळे उत्पन्नाच्या निकषावर पात्र ठरणाऱ्या साधारण चार भाडेकरू कुटुंबांपैकी एकालाच केंद्राची मदत मिळते आणि उरलेली तीन प्रतीक्षायादीत तरी असतात किंवा यादीच बंद असल्यामुळे तिच्याही बाहेर असतात. उलट, कर्ज काढून घर घेणाऱ्याला गृहकर्जाच्या व्याजावर मिळणारी करसवलत १९१३ च्या प्राप्तिकर कायद्यापासून चालत आलेली आहे. तिच्या मर्यादा वेळोवेळी बदलल्या, पण ती चालू राहावी म्हणून कोणत्याही घरमालकाला दरवर्षी आपल्या प्रतिनिधीच्या दारात उभे राहावे लागत नाही.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. महामंदीच्या काळात केंद्र सरकारने स्वतः जमीन संपादन करून घरे बांधायला घेतली, परंतु १९३५ मध्ये लुईव्हिल शहरातील एका प्रकरणात न्यायालयाने असा निर्णय दिला की घरे बांधण्यासाठी सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार केंद्राला नाही. यातून वाट काढण्यासाठी १९३७ च्या गृहनिर्माण कायद्याने बांधकाम स्थानिक मंडळांकडे सोपवले आणि केंद्राने त्यांच्या कर्जाची परतफेड करायची, असे ठरले. ही तडजोड त्या वेळी तांत्रिक वाटली असेल, पण तिच्यामुळे ज्या गावाला किंवा उपनगराला गरिबांची घरे नको होती त्याला मंडळच न स्थापण्याची मुभा मिळाली आणि सार्वजनिक घरे मोठ्या शहरांच्या ठरावीक, बहुधा कृष्णवर्णीय, वस्त्यांत साचत गेली. कॅलिफोर्नियाने तर १९५० मध्ये राज्यघटनेतच अशी अट घातली की कमी भाड्याचा सरकारी प्रकल्प उभारण्यापूर्वी स्थानिक मतदारांचा कौल घेतलाच पाहिजे. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती अट वैध ठरवली.

१९३७ च्या कायद्यात विरोधकांनी आणखी दोन पाचर मारून ठेवल्या होत्या. जितकी नवी घरे बांधाल तितकी मोडकळीस आलेली घरे पाडा, ही एक. म्हणजे निकृष्ट घरांच्या जागी चांगली घरे येणार, पण घरांची एकूण संख्या वाढणार नाही आणि खासगी घरमालकांच्या भाड्याला धक्का लागणार नाही. दुसरी खर्चाच्या कमाल मर्यादेची. मोठ्या शहरांतही एका घरामागे ५,००० डॉलरच्या वर जायचे नाही, असा दंडक होता. पुढे अनेक प्रकल्पांत कपाटांना दारे का नव्हती, असा प्रश्न पडणाऱ्यांना त्याचे उत्तर काटकसरीच्या या परंपरेत मिळते. सेंट लुईस येथील प्रुइट-आयगो या वसाहतीत प्रत्येकी अकरा मजल्यांच्या ३३ इमारती होत्या आणि त्यांच्या लिफ्ट पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबत. पाचव्या मजल्यावरच्या बाईने बाजाराच्या पिशव्या आणि कडेवरचे मूल घेऊन एक जिना चढायचा किंवा दोन उतरायचे, आणि त्या जिन्यांवरचे दिवे फुटलेले असले तर अंधारात. १९७२ मध्ये या इमारती सुरुंग लावून पाडण्यास सुरुवात झाली, तेव्हा त्या दृश्याचा अर्थ ‘सरकारला घरे बांधता येत नाहीत’ असा लावला गेला. ती घरे कोणत्या अटींवर बांधली होती, याची चर्चा फारशी झाली नाही.

१९४९ चा कायदा आजही मागणीपत्रांतून उद्धृत होतो, कारण प्रत्येक अमेरिकी कुटुंबाला चांगले घर आणि राहण्याजोगा परिसर मिळावा हे उद्दिष्ट त्याने लिहून ठेवले. सहा वर्षांत ८,१०,००० सार्वजनिक घरे बांधण्याची मंजुरी त्यात होती. तो आकडा गाठायला सुमारे दोन दशके लागली. या विधेयकातला एक डाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. सार्वजनिक घरांत वंशभेदाला बंदी घालणारी दुरुस्ती सिनेटमध्ये मांडली ती घरांच्या विरोधकांनी, कारण ती मंजूर झाली तर दक्षिणेकडील सदस्य विधेयकाला पाठिंबा देणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. परिणामी समतेचा पुरस्कार करणाऱ्या सदस्यांना समतेच्या दुरुस्तीविरुद्ध मत द्यावे लागले. घरे वाचली, पण विभक्त वस्त्यांसह वाचली. त्याच कायद्याने सार्वजनिक घरांचे भाडे आणि बाजारातले सर्वांत कमी भाडे यांत किमान वीस टक्क्यांचे अंतर राखणे बंधनकारक केले आणि उत्पन्न वाढलेल्या कुटुंबांना बाहेर काढण्याची तरतूद केली. ज्यांच्या भाड्यावर इमारतींचा रोजचा खर्च चालत होता, तीच कुटुंबे अशा रीतीने वजा होत गेली.

आजच्या वादांचे मूळ ज्या शब्दात गुंतले आहे तो शब्द म्हणजे ‘परवडणारे’, आणि त्यासाठी थोडे थांबणे भाग आहे. १९३७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक घरात राहायला येणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न भाड्याच्या पाचपटीपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम होता. म्हणजे उत्पन्नाच्या एक पंचमांश, अर्थात वीस टक्के, भाडे हे प्रमाण कायद्यात आले ते कुटुंबाला काय झेपेल हे सांगण्यासाठी नव्हे. फार मिळकत असलेल्यांना दूर ठेवण्यासाठी. भाड्यातून देखभालीचा संपूर्ण खर्च निघाला पाहिजे, ही अट मात्र कायम होती. साठच्या दशकात महागाई वाढली, इमारती जुन्या झाल्या, भाडेकरू अधिक गरीब झाले आणि मंडळांनी भाडी वाढवली, तेव्हा काही कुटुंबांच्या मिळकतीचा निम्म्याहून अधिक वाटा सरकारी घराच्या भाड्यातच जाऊ लागला. सेंट लुईसच्या भाडेकरूंनी १९६९ मध्ये भाडे न भरण्याचा संप पुकारला आणि तो कित्येक महिने चालला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या एका सिनेटरने मांडलेल्या दुरुस्तीने सार्वजनिक घराचे भाडे उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांवर रोखले. ‘आठवड्याची मजुरी म्हणजे महिन्याचे भाडे’ हा जुना व्यवहारी ठोकताळा त्या आकड्यामागे होता. १९८१ मध्ये खर्चकपातीच्या लाटेत पंचविसाचे तीस झाले. या वाढीला कुटुंबांच्या गरजांचा कोणताही नवा अभ्यास कारण नव्हता. केंद्राचे पैसे वाचवायचे होते. तरीही तोच तीसचा आकडा आज जणू निसर्गनियम असल्यासारखा वापरला जातो. तीस टक्क्यांहून जास्त भाडे भरणारे कुटुंब ‘भाराखाली’ आणि पन्नासहून जास्त भरणारे ‘तीव्र भाराखाली’ मोजले जाते. वर्षाला वीस हजार डॉलर मिळवणाऱ्या आईला तीस टक्के देऊन उरलेल्या चौदा हजारांत मुलांचे वर्ष काढायचे असते आणि दोन लाख मिळवणाऱ्याला पन्नास टक्के देऊनही लाखभर उरतात, हा फरक त्या टक्केवारीत कुठेही दिसत नाही.

गुंता खरा वाढला तो १९८६ नंतर. त्या वर्षीच्या करसुधारणेत बिल्डरांना आणि गुंतवणूकदारांना करसवलत देऊन कमी भाड्याची घरे बांधून घेण्याची योजना आली. आज देशात नव्याने होणारी बहुतेक ‘परवडणारी’ घरे तिच्यातूनच उभी राहतात आणि आजवर तीस लाखांहून अधिक घरे तिच्यात आली आहेत. पण या घरांत ‘तीस टक्के’ कशाचे, याचे उत्तर वेगळे आहे. सार्वजनिक घरात भाडेकरूच्या स्वतःच्या उत्पन्नाचे तीस टक्के. करसवलतीच्या घरात त्या परिसराच्या मध्यक उत्पन्नाचा (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या उत्पन्नाचा) एक ठरावीक हिस्सा, बहुधा साठ टक्के, धरून त्याचे तीस टक्के. ढोबळ हिशेब करून पाहावा. एखाद्या परिसराचे मध्यक उत्पन्न वर्षाला एक लाख डॉलर असेल, तर त्याचे साठ टक्के म्हणजे साठ हजार आणि त्याचे तीस टक्के म्हणजे अठरा हजार; महिन्याला १,५०० डॉलर. रुग्णालयात सफाईकाम करून वर्षाला २४ हजार मिळवणाऱ्या बाईला सार्वजनिक घरात महिन्याला सुमारे ६०० डॉलर भरावे लागतील, तर करसवलतीच्या घरात १,५००, म्हणजे पगाराचा तीन चतुर्थांश. दोन्ही घरांच्या कोनशिलेवर शब्द एकच. शिवाय परिसर ठरवताना शहराबरोबर भोवतालची सधन उपनगरेही मोजली जातात, त्यामुळे मध्यक वर सरकतो आणि त्याबरोबर ‘परवडणारे’ भाडेही. या घरांवरील भाड्याचे बंधन मुदतीचे असते, ती संपली की घर बाजारभावाला जाऊ शकते. सर्वांत गरीब भाडेकरू या घरांत राहतात तेव्हा त्यांच्या हाती बहुधा केंद्राचे भाडे-व्हाउचरही असते; म्हणजे एकाच घरासाठी सरकार बिल्डरला कर सोडते आणि भाडेकरूमागे रोख रक्कमही देते. मागणीपत्रांत ‘सार्वजनिक आणि परवडणारी’ ही जोडी एका दमात लिहिली जाते, पण लोकप्रतिनिधी तिच्यातल्या दुसऱ्या शब्दाला होकार देऊन पहिल्याची सुटका करून घेऊ शकतात, आणि गेली चार दशके बहुतांशी तेच झाले आहे.

व्हाउचरचा उगमही याच ओढाताणीत आहे. जानेवारी १९७३ मध्ये अध्यक्षांनी अनुदानित घरांच्या नव्या मंजुऱ्या थांबवल्या आणि १९७४ च्या कायद्यातील ‘सेक्शन आठ’ने खासगी मालकाच्या घरासाठी भाडे-साहाय्य सुरू केले. भाडेकरूने उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा द्यायचा आणि मर्यादेपर्यंतचा फरक सरकारने भरायचा. घर निवडण्याची मोकळीक हा या पद्धतीचा खरा गुण आहे आणि तो नाकारता येत नाही. मात्र व्हाउचर घेऊन येणाऱ्याला घर देण्याचे बंधन केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मालकावर घातलेले नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे वाट पाहून हाती आलेले व्हाउचर मुदतीत घर न मिळाल्याने परत जाण्याचे प्रसंग येतात.

सार्वजनिक घरांच्या बाबतीत निर्णायक दशक नव्वदचे. काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने १९९२ मध्ये सुमारे ८६ हजार घरे, म्हणजे एकूण साठ्याच्या सहा टक्के, अत्यंत दुरवस्थेत असल्याचे सांगितले. त्यावर सुरू झालेल्या पुनर्विकासाने जुन्या मनोऱ्यांच्या जागी मिश्र उत्पन्नाच्या नेटक्या वसाहती आणल्या. पण एक पाडले तर एक बांधा हा नियम आधी स्थगित आणि १९९८ मध्ये रद्द झाल्यामुळे नव्या वसाहतींत जुन्या सगळ्या भाडेकरूंना जागा उरली नाही. आयोगाने बिघाड सहा टक्क्यांत दाखवला होता; उपाय मात्र सगळ्याच साठ्याच्या भवितव्याला लागू झाला. १९९८ च्याच कायद्यात एक छोटे कलम आले : १ ऑक्टोबर १९९९ रोजी मंडळाकडे जितकी सार्वजनिक घरे होती, त्यापेक्षा जास्त घरांसाठी केंद्राचे पैसे वापरता येणार नाहीत. नव्वदच्या दशकात सुमारे १४ लाख असलेली ही घरे आज दहा लाखांच्या आत आली आहेत, त्यामुळे बऱ्याच मंडळांकडे मर्यादेखाली जागा शिल्लक आहे आणि कागदोपत्री बांधायला मनाई नाही. पण बांधायला पैसे नाहीत, आणि पैसे मागायला गेले की कलमाकडे बोट दाखवले जाते.

देखभालीचे भिजत घोंगडे तसेच राहिले. २०१० च्या एका सरकारी पाहणीत राहिलेल्या दुरुस्त्यांचा खर्च सुमारे २६ अब्ज डॉलर काढण्यात आला होता. त्यानंतर दोन वर्षांच्या आत काँग्रेसने सार्वजनिक घरे दीर्घ मुदतीच्या सेक्शन आठ करारांखाली नेऊन त्यांवर खासगी कर्ज उभारण्याची मुभा दिली. प्रारंभी ६० हजार घरांपुरती असलेली ही मुभा पुढे ४,५५,००० घरांपर्यंत वाढवण्यात आली. छपरे आणि बॉयलर दुरुस्त झाले, हे तिचे समर्थक सांगतात. घरे सार्वजनिक ताब्यातून निसटत आहेत, ही भाडेकरूंची भीतीही निराधार म्हणता येत नाही. जुलै २०२५ च्या करकायद्याने बिल्डरांच्या करसवलतीचा वाटा बारा टक्क्यांनी कायमचा वाढवला. त्याच वर्षी मे महिन्यात मांडलेल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात मात्र भाडे-साहाय्यात मोठी कपात करून उरलेली रक्कम राज्यांकडे सोपवावी आणि धडधाकट प्रौढांची मदत दोन वर्षांपुरती ठेवावी, असे सुचवले होते.

कपात मंजूर झाली नाही तरी धोका टळत नाही, कारण अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि तोवर अर्थसंकल्प मंजूर न झाल्यास तात्पुरत्या ठरावाने सर्वसाधारणपणे गेल्या वर्षाचाच आकडा पुढे चालवला जातो. भाडे मात्र गेल्या वर्षाचे राहत नाही. महिन्याला ६०० डॉलर भरणाऱ्या कुटुंबाच्या घराचे भाडे १,४०० वरून १,५०० झाले, तर सरकारचा वाटा ८०० वरून ९०० होतो. तेवढ्याच पैशांत गेल्या वर्षी जिथे नऊ कुटुंबे सामावली होती तिथे यंदा आठच सामावतात. म्हणून एखादे कुटुंब व्हाउचर सोडून गेले की स्थानिक कार्यालय ते प्रतीक्षायादीतल्या पुढच्या नावाला देत नाही, तसेच पडून ठेवते.