कवटीखालचे दोन मणके आणि मुंबई

चालता चालता पायातली चप्पल निसटते आणि ते कळतही नाही. रुग्णानं असं सांगितलं की मेंदू-मणक्याच्या ओपीडीतला अनुभवी डॉक्टर सावध होतो. शर्टाची बटणं लावता येतात का, भाकरीचा तुकडा मोडता येतो का, हे तो लगेच विचारतो. बाहेर मात्र अशा तक्रारीवर बहुतेक वेळा एकच शब्द ऐकू येतो, ‘गॅप’. मणक्यात गॅप आहे म्हणून कमरेला पट्टा लागतो, महिने जातात. बिघाड कधी कधी कमरेपासून फार लांब, थेट कवटीच्या बुडाशी असतो.

तिथले दोन मणके बाकीच्या मणक्यांसारखे नाहीत. पहिला, ॲटलास, म्हणजे नुसतं कडं. त्यावर कवटी टेकलेली असते. दुसऱ्यातून, म्हणजे ॲक्सिसमधून, दातासारखा एक सुळका वर येतो आणि त्या कड्याच्या आत, पुढच्या बाजूला उभा राहतो. त्याच्या मागून तंतूंचा एक मजबूत आडवा पट्टा त्याला जागेवर धरून ठेवतो. या दोघांमध्ये चकती नाही, म्हणून मान डावी-उजवीकडे वळवताना जवळजवळ अर्धं वळण एकट्या याच सांध्यात होतं. कड्यातल्या जागेचा एक तृतीयांश भाग सुळक्याचा, एक तृतीयांश मज्जारज्जूचा आणि उरलेला मोकळा, असा हिशेब डॉ. स्टील यांनी १९६८ मध्ये मांडला. तो मोकळा तिसरा हिस्सा आहे म्हणूनच सांधा थोडा सरकला तरी माणूस हिंडता-फिरता राहतो. पट्टा सैल असला, सुळका जन्मतः नीट जुळलेला नसला किंवा क्षयानं हाड पोखरलं, की ही मोकळी जागा संपत जाते आणि मज्जारज्जू चेपू लागतो. हातापायांकडे जाणाऱ्या आणि श्वास चालवणाऱ्या मज्जासंदेशांच्या सगळ्या वाटा तिथूनच खाली उतरतात.

हा सांधा पक्का करण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९१० मध्ये बॉस्टनच्या मिक्सटर आणि ऑसगुड यांनी दोन्ही मणके मागून जाड रेशमी दोऱ्यानं बांधले. १९३९ मध्ये कॅनडातल्या गॅली यांनी तार आणि हाडाचा तुकडा वापरला, आणि पुढची कित्येक दशकं तारेचीच चलती होती. पण तार दोन मणक्यांना फक्त मागच्या बाजूनं आवळते. खरी हालचाल दोन्ही कडेच्या सांध्यांत होते आणि तिथं तार पोचत नाही. त्यामुळे ऑपरेशननंतर रुग्णाला महिनोन्‌महिने मान जखडून ठेवावी लागे, आणि तरीही हाड जुळेलच याची खात्री नसे.

मुंबईचा या कथेतला भाग सुरू होतो तो सार्वजनिक रुग्णालयांतून, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. परळचं केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झालं. देणगीदारांची अट होती की इथले अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले भारतीयच असावेत. स्वतंत्र भारतात मेंदूशल्यचिकित्सेचा पहिला विभाग १९४९ मध्ये जेकब चँडी यांनी वेल्लोरला उभा केला. १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. त्याच सुमाराच्या पिढीत राम गिंडे, होमी दस्तूर, गजेंद्र सिंह यांनी मुंबईत हे काम रुजवलं. सीटी स्कॅन तेव्हा नव्हता; जगातला पहिला रुग्ण त्या यंत्राखाली गेला तो १९७१ मध्ये, लंडनला. त्याआधी मेंदूतली गाठ कुठं आहे हे ठरवायला रक्तवाहिनीत रंगद्रव्य किंवा मेंदूच्या पोकळीत हवा भरून एक्स-रे काढत, आणि बाकी सगळा भरवसा रुग्णाच्या तपासणीवर.

या तपासणीत मुरलेला माणूस म्हणजे नोशीर वाडिया. लंडनहून परतून त्यांनी १९५७ मध्ये जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा विभाग सुरू केला. १९६७ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्यांचा एक दीर्घ लेख आला: जन्मजात सरकलेला ॲटलास-ॲक्सिसचा सांधा आणि त्यामुळे बिघडलेला मज्जारज्जू, २८ रुग्णांचा अभ्यास. आज हा आकडा लहान वाटेल. पण एका दुर्मीळ मानल्या गेलेल्या आजाराचे इतके रुग्ण एका शहरात नीट तपासले गेले, तेव्हा इकडे तो तितकासा दुर्मीळ नाही हे दिसलं. मान पुढे झुकवून एक आणि मागे टाकून एक, असे दोन साधे एक्स-रे काढले की सरकलेला सांधा पकडता येतो. एमआरआय बहुधा मान सरळ ठेवून, आडवं झोपवून होतो. त्यात हे निसटू शकतं. म्हणून ही स्वस्त तपासणी आजही टाकाऊ झालेली नाही.

निदान जमलं, उपचार मात्र अवघडच राहिला. सुळका कवटीच्या तळाच्या भोकात वर घुसला असेल तर तोंडातून, घशाच्या मागच्या भिंतीतून जाऊन तो कोरून काढायचा. हाँगकाँगच्या फँग आणि ओंग यांनी १९६२ मध्ये ही वाट नीट मांडली. मग पुन्हा मानेच्या मागून दुसरं ऑपरेशन, कारण दाबणारं हाड गेलं तरी सांधा हलायचा थांबत नाही. पुढं युरोपात माग्येर्ल यांनी दुसऱ्या मणक्यातून सांधा ओलांडून पहिल्यात जाणारा लांब स्क्रू बसवला. तो पक्का होता, पण सांधा आधी जागेवर यायला हवा, आणि मणक्यातून वर मेंदूकडे जाणारी रोहिणी वाटेत आली तर तो बसवताच येत नाही.

केईएममध्ये मेंदूशल्यचिकित्सक अतुल गोयल यांनी १९८८ पासून वेगळा मार्ग धरला: स्क्रू एक लांब नको, प्रत्येक मणक्यात स्वतंत्र. एक पहिल्या मणक्याच्या कडेच्या भरीव भागात, दुसरा दुसऱ्या मणक्यात, आणि दोघांना जोडणारी पट्टी. हे दोन्ही बाजूंना. शिवाय सांधा उघडायचा, त्यातली कूर्चा खरवडायची आणि आत हाडाचे तुकडे ठासायचे, म्हणजे पुढं हाड हाडाला जुळेल. वाटेत मानेतल्या दुसऱ्या मज्जातंतूची नैसर्गिक गाठ आणि तिच्याभोवती रक्तानं भरलेलं शिरांचं जाळं असतं. गोयल ती गाठ कापत. बदल्यात डोक्याच्या मागच्या भागाला बधिरपणा राहतो. गोयल आणि लाहेरी यांचा लेख १९९४ मध्ये ‘ॲक्टा न्यूरोकिरुर्गिका’त आला. जर्मनीतले हार्म्स आणि मेल्चर यांनी पट्टीऐवजी दांडी आणि फिरत्या डोक्याचे स्क्रू वापरून २००१ मध्ये ३७ रुग्णांचा अनुभव छापला. काही वर्षं जगभर फक्त हार्म्स यांचंच नाव घेतलं जाई. आता बऱ्याच ठिकाणी ‘गोयल-हार्म्स’ असं म्हणतात, आणि तो क्रम बरोबर आहे.

या हिमतीमागं हाडांचा अभ्यास होता. स्क्रू किती लांब, कोणत्या कोनात, रोहिणीची खोबण एखाद्या मणक्यात किती आत कोरलेली असते, हे ऑपरेशनच्या टेबलावर शिकायची गोष्ट नाही. गुप्ता आणि गोयल यांनी कोरड्या हाडांवर केलेली मोजमापं २००० मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त आली. महाविद्यालयांत ही हाडं आणि देह येतात त्यामागं १९४९चा बॉम्बे ॲनॉटॉमी ॲक्ट आहे. बेवारस देह शिक्षणासाठी देण्याची सोय त्या कायद्यानं केली. ज्यांचं कुणी नव्हतं त्यांच्या देहांवर या शहरातले डॉक्टर शिकले, हे लिहून ठेवायलाच हवं.

२००४ मध्ये गोयल यांनी पुढचं पाऊल टाकलं. सुळका कवटीत घुसलेल्या अनेक रुग्णांत तो कोरून काढण्याची गरजच नाही; कडेचे सांधे उघडून फाकवले आणि तसेच पक्के केले की सुळका आपोआप खाली येतो. तोंडातून होणारं ऑपरेशन त्यामुळं कितीतरी रुग्णांच्या वाट्यातून गेलं. हाड जन्मतःच चुकीच्या जागी आहे म्हणून ते काढायचं, ही जुनी समजूत होती. सांधा सैल आहे म्हणून हाड सरकलं, असं म्हटलं की ऑपरेशनची दिशाच बदलते.

इथपर्यंत बऱ्याच जणांचं एकमत आहे, यापुढं नाही. छोट्या मेंदूचा खालचा भाग मानेत उतरतो त्या कियारी विकृतीत कवटीच्या तळाचं भोक रुंद करण्याची जुनी पद्धत आहे. २०१५ मध्ये गोयल यांनी ६५ रुग्णांच्या आधारे मांडलं की त्याचंही मूळ याच सांध्याच्या अस्थिरतेत आहे, तेव्हा भोक रुंद करू नका, सांधा पक्का करा. अनेक शल्यचिकित्सकांना हे पटलेलं नाही. सांधा सरकलेला दिसत नसताना मानेचं निम्मं वळण कायमचं बंद करायचं का, हा त्यांचा आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे.