बॅटवरच्या तपकिरी कागदाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरात भिंतीचा ड्रायवॉल (जिप्समचा आतला पत्रा) काढला, की दोन स्टडच्या, म्हणजे सांगाड्याच्या उभ्या लाकडांच्या, मधे ऊब-गारवा अडवणारी काचतंतूंची जाड लादी दिसते. हीच बॅट. तिच्या एका अंगाला बहुधा तपकिरी कागद चिकटवलेला असतो. तो घराच्या आतल्या बाजूला हवा की बाहेरच्या, यावर आजही गोंधळ होतो. या गोंधळाचं मूळ १९३०च्या दशकात घरांवरून निघालेल्या रंगाच्या पापुद्र्यांत आहे.

त्याआधी बहुतेक लाकडी भिंती आतून पोकळच असत. १८९०च्या दशकात बॉस्टनच्या सॅम्युएल कॅबट यांनी वाळवलेलं समुद्रगवत कागदाच्या दोन थरांत शिवून विकायला सुरुवात केली. १८९७ मध्ये इंडियानातल्या अलेक्झांड्रिया गावी चार्ल्स हॉल यांनी चुनखडीयुक्त दगड वितळवून रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, काढलं. काचेची पाळी १९३२ मध्ये आली. ओवेन्स-इलिनॉय कंपनीत काचेच्या विटा जोडण्याचे प्रयोग करताना डेल क्लाइस्ट यांच्या वितळलेल्या काचेवर हवेचा जोरदार झोत आदळला आणि बारीक तंतू उडाले. गेम्स स्लेटर यांच्या देखरेखीखाली त्यातूनच उत्पादनाची पद्धत बसली आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी निघाली.

याच सुमारास उत्तरेकडच्या थंड राज्यांत तक्रारी वाढल्या: भिंतीत इन्सुलेशन (उष्णता अडवणारा भराव) भरलं, की बाहेरचा रंग फुगून सुटतो. रंगाऱ्यांनी खापर इन्सुलेशनवर फोडलं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. पोकळ भिंतीतून घरातली ऊब बाहेर जायची, त्यामुळे बाहेरच्या फळ्या गरम राहून वाळत. भिंत भरल्यावर ऊब आत अडली आणि फळ्या गार पडल्या. मग स्वयंपाकघरातली, न्हाणीतली वाफ भिंतीत शिरून त्या गार लाकडावर पाणी होऊन बसू लागली. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत टीस्डेल आणि मिनेसोटा विद्यापीठात फ्रँक राउली यांनी यावर काम केलं. वाफ भिंतीत शिरण्याआधीच, म्हणजे उबदार बाजूला, अडवायची हा त्यातून निघालेला उपाय. डांबराचा हात दिलेला क्राफ्ट कागद, म्हणजे बॅटवरचा तो तपकिरी कागद, त्यासाठी स्वस्त पडला. १९४२ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या नियमांत ॲटिकच्या (छपराखालच्या माळ्याच्या) हवेशीरपणाचं १:३०० हे प्रमाण, म्हणजे माळ्याच्या दर ३०० चौरस फुटांमागे एक चौरस फूट झरोका, आलं, तेही याच काळजीपोटी.

या मांडणीत एक गोष्ट दुबळी राहिली. कागदातून झिरपणाऱ्या वाफेपेक्षा फटींतून वाहणारी हवा कित्येक पट अधिक ओल नेते. विजेच्या बॉक्सभोवतीची फट उघडी ठेवून कागद कितीही नीट लावला तरी फारसं साधत नाही. आधी फटी सील करायच्या, मग बॅट.

१९७३च्या तेलसंकटानंतर बॅट घराघरांत पोचली. १९७८च्या कायद्याने इन्सुलेशनच्या खर्चावर १५ टक्के, कमाल ३०० डॉलर करसवलत दिली. बाजार तापला, फसवे दावे वाढले, म्हणून १९७९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, जाहीर करण्याचा नियम आणला. पण पाकिटावरचा आकडा बॅट पूर्ण फुगलेली असतानाचा असतो. सव्वासहा इंची आर-१९ बॅट साडेपाच इंचाच्या पोकळीत आर-१८ भरते, साडेतीन इंचांत दाबली तर साधारण आर-१३. स्टड मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर असतील तर मधली जागा साडेचौदा इंच आणि बॅट १५ इंच. हा अर्धा इंच तिला अडकून राहण्यासाठीच. वायर आडवी आली तर बॅट जाडीतून फाडून अर्धी वायरीमागे, अर्धी पुढे बसवतात. वायरीवरून दडपली, तर मागे पोकळी राहते.

कागदाच्या कडा स्टडच्या पोकळीकडच्या अंगाला स्टेपल केल्या, की बॅटची कड आत दबते आणि ड्रायवॉलमागे उभी नळी तयार होते. स्टडच्या खोलीकडच्या तोंडावर स्टेपल करणं बरं, पण ड्रायवॉल गोंदाने चिकटवणाऱ्यांना तिथे कागद नको असतो. तळमजल्याच्या लाकडी जमिनीखाली तर घोळ ठरलेला. उबदार बाजू वर, म्हणून कागद वर हवा. मग खालून स्टेपल मारायला कड मिळत नाही. सोय पाहून बॅट उलटी लावली जाते. कागद वर ठेवून खालून जॉइस्टमध्ये, म्हणजे जमिनीच्या आडव्या तुळयांमध्ये, तारेचे आधार ताणणं हाच तिथला खरा मार्ग. ॲटिकमध्ये जुन्या थरावर नवा थर टाकताना बिनकागदी बॅट घ्यावी, नाहीतर वाफ मधल्या कागदाखाली अडकते. आणि कागद कुठेही उघडा ठेवू नये, तो पेटतो.

थंड प्रदेशातला हा नियम दक्षिणेत एसीच्या घरांना लागला तेव्हा उलटला. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडात उन्हाळ्यात वाफ बाहेरून आत येते आणि थंड ड्रायवॉलच्या मागे थबकते. क्राफ्ट कागद तिथे त्यातल्या त्यात निभावतो, कारण ओल वाढली की त्यातून वाफ जास्त सुटते. खरा बुरशीचा कारखाना म्हणजे आतून लावलेलं पॉलिथिन किंवा व्हिनाइलचा वॉलपेपर. पुढे अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेने आतल्या वाफरोधकाची सक्ती मुख्यतः थंड हवामान-विभागांपुरती ठेवली.

आपल्याकडे भिंती विटा-काँक्रीटच्या, त्यामुळे बॅट मुख्यतः जिप्समच्या पार्टिशनमध्ये आवाज अडवायला जाते. रॉकवूल असेल तर साधारण ५० मिमी जाडीचं. घराच्या उष्णतेचा मोठा वाटा वरच्या स्लॅबचा असतो. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या २०१८च्या इको निवास संहितेत छतातून शिरणाऱ्या उष्णतेसाठी दर चौरस मीटर-केल्व्हिनला १.२ वॅट ही कमाल मर्यादा आहे, आणि त्यासाठीचा इन्सुलेशनचा थर स्लॅबच्या वर घालणं चांगलं. वाफेचा नियम मात्र मुंबईच्या एसी कारागिरांच्या हाताला आहे: डक्टवर ग्लासवूल गुंडाळताना फॉइल बाहेर, कारण तिथे उबदार बाजू बाहेरची. फॉइलच्या सांध्यावर ॲल्युमिनियम टेप लावायची राहून गेली, तर पावसाळ्यात फॉल्स सीलिंगवर नेमका त्याच जागी डाग उमटतो.